पहिली आवृत्ती ओळखायची कशी? जुन्या पुस्तकाची उलटतपासणी

मागच्या उन्हाळ्यात, ऐन नवतप्यात, नागपूरच्या महाल भागातून माझी भाची एक कापडी पिशवी घेऊन आली. आजोबांच्या खोलीतली लोखंडी पेटी घरच्यांनी उघडली होती. रद्दीवाला दारात तराजू घेऊन उभा, आणि हिनं घाईघाईनं पंधरा-वीस पुस्तकं बाजूला काढून ठेवलेली. सगळ्यात वर नाटकाचं एक पातळ पुस्तक होतं. मुखपृष्ठ गेलेलं, दर्शनी पान गेलेलं, कडा हात लावला की बिस्किटासारख्या तुटत होत्या.

"मावशी, हे पहिल्या आवृत्तीचं असेल का?"

पानच नाही म्हटल्यावर कसं सांगणार, असं कुणालाही वाटेल. पण पहिली आवृत्ती ठरवताना 'हे पुस्तक कधीचं आहे' इथून सुरुवात करायचीच नाही. 'हे कधीचं असूच शकत नाही' इथून करायची. पुस्तकावरची प्रत्येक खूण दोनपैकी एक गोष्ट सांगते: याच्या आधीचं नाही, किंवा याच्या नंतरचं नाही. अशा चार-पाच खुणा जमल्या की मधली फट इतकी अरुंद होते की उत्तर आपसूक दिसायला लागतं. त्या नाटकाचंही दिसलं. त्याकडे शेवटी येते.

आधी 'आवृत्ती' म्हणजे काय ते

जुनी मराठी पुस्तकं खिळ्यांवर, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांवर, छापली जात. जुळारी एकेक अक्षर खणातून उचलून ओळी लावायचा, पानं बांधायचा, आठ किंवा सोळा पानांचा एक फर्मा यंत्रावर चढायचा. तो छापून झाला की खिळे सोडवून परत खणांत. कारण साधं होतं. शिसं महाग, आणि लहान छापखान्याकडे खिळे मोजकेच. दोनशे पानांचं पुस्तक जुळवून तसंच बांधून ठेवणं परवडायचं नाही. म्हणजे प्रती संपल्या आणि पुस्तक पुन्हा काढायचं ठरलं की पहिल्या अक्षरापासून सगळी जुळणी नव्यानं. त्या प्रत्येक नव्या जुळणीला आवृत्ती म्हणणं अगदी रास्त होतं. ओळी वेगळ्या ठिकाणी तुटायच्या, जुन्या चुका जायच्या, नव्या यायच्या, लेखकाला वाटलं तर चार वाक्यं बदलायची.

ऑफसेट आल्यावर हे चित्र पालटलं. पानाची फिल्म एकदा तयार झाली की तिच्यावरून हव्या तितक्या वेळा छापता येतं, आणि दहाव्या वेळचं पान पहिल्या वेळच्या पानासारखंच दिसतं. तरीही आपल्याकडे काही प्रकाशक प्रत्येक छपाईला 'आवृत्ती' म्हणत राहिले, काहींनी 'पुनर्मुद्रण' हा शब्द धरला, काहींनी दोन्ही मिसळले. संग्राहकाला हवी असते ती पहिल्या आवृत्तीची पहिली छपाई. इंग्रजी पुस्तकांत बऱ्याचदा दहापासून एकपर्यंत आकड्यांची एक ओळ असते, आणि तिच्यातला सगळ्यात लहान आकडा कितवी छपाई ते सांगतो. 'हॅरी पॉटर'च्या पहिल्या पुस्तकाची १९९७ मधली पक्क्या बांधणीची पहिली छपाई अवघ्या ५०० प्रतींची होती. तिच्यात ही ओळ एकपर्यंत येते, म्हणून लोक आधी ती ओळ बघतात. मराठी पुस्तकांत अशी सोय सहसा नसते.

खिळ्यांची छपाई आहे की ऑफसेट, हे डोळ्यांपेक्षा बोट लवकर सांगतं. पान उलटं करून मागच्या बाजूनं हलकेच बोट फिरवा. खिळ्यांनी कागद दाबलेला असतो, त्यामुळे मागे बारीक उठाव लागतो. तिरप्या उजेडात धरलं तर ओळीच्या ओळी उमटलेल्या दिसतात. ऑफसेटचं पान दोन्हीकडून सपाट. १९४० ची पहिली आवृत्ती म्हणून हातात दिलेलं कथांचं पुस्तक असं सपाट लागलं, तर बाकी काही बघायची गरज उरत नाही.

लिहिलेलं असतं, पण

आता त्या पानाकडे, जिथे 'पहिली आवृत्ती' असं छापलेलंच असतं. नवखा संग्राहक सगळ्यात जास्त फसतो तो इथेच. मीही फसले आहे. बर्डीच्या फुटपाथवर एकानं "ओरिजनल हाय ताई, पैली आवृत्ती" म्हणत ते पान उघडून दाखवलं, मी वाचलं, आणि पैसे मोजून पुस्तक घेऊन आले. घरी आल्यावर दुसऱ्या प्रकाशकाकडची त्याहून जुनी प्रत कपाटात निघाली. विकणारा खोटं बोलला नव्हता. ती खरंच पहिली आवृत्ती होती, पण त्या नव्या प्रकाशकाची.

पुस्तकाचे हक्क एका प्रकाशकाकडून दुसऱ्याकडे जातात, आणि नवा प्रकाशक स्वतःची मोजणी एकपासून सुरू करतो. सगळे असं करत नाहीत. काहीजण आधीच्या आवृत्त्यांची यादी इमानानं देतात, पण गृहीत धरू नये. 'कोसला' १९६३ मध्ये पुण्याच्या देशमुख आणि कंपनीनं काढली, पुढे ती पॉप्युलर प्रकाशनाकडे आली. 'ययाति' १९५९ मध्ये त्याच देशमुख आणि कंपनीनं काढली, आज ती दुसऱ्या प्रकाशनाच्या नावानं मिळते. त्यामुळे तारखेच्याही आधी प्रकाशकाचं नाव बघायचं. पहिला प्रकाशक कोण हे माहीत असेल तर निम्मी पुस्तकं तिथेच बाद होतात.

लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षांनी हक्क संपले की हाच घोळ दसपट वाढतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले. साठ वर्षं पुढच्या वर्षाच्या आरंभापासून मोजतात, म्हणजे २०१० च्या अखेरीस हक्क संपले. 'श्यामची आई' १९३५ ची. आज कुणीही ती छापू शकतो आणि 'पहिली आवृत्ती' असंही लिहू शकतो. तशा छापलेल्या प्रतीत कायद्यानं काही चूक नाही. फक्त ती १९३५ ची नाही.

दुसरा सापळा प्रस्तावनेखालच्या तारखेचा. 'विजयादशमी, शके १८५४' असं वाचलं की माणूस हरखून जातो. पण लेखकाचं पहिल्या आवृत्तीचं निवेदन पुढच्या प्रत्येक आवृत्तीत तारखेसकट तसंच छापलं जातं. त्या तारखेवरून निवेदन कधी लिहिलं ते कळतं, हातातलं पुस्तक कधी छापलं ते नाही. (शके वर्षात ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्ष चैत्रात बदलतं, त्यामुळे जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तिथीला ७९ मिळवायचे. म्हणजे शके १८५४ ची विजयादशमी १९३२ मध्ये येते, पण त्याच शकाचा माघ १९३३ मध्ये.)

किंमत, पत्ता, अनुस्वार

म्हणून मी त्या खुणा जास्त मानते ज्या कुणी पुरावा म्हणून छापलेल्या नाहीत.

किंमत घ्या. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली. त्याआधी रुपये, आणे, पै. त्यानंतर काही वर्षं 'नवे पैसे', आणि १ जून १९६४ पासून नुसते 'पैसे'. पुस्तकावर 'किंमत १२ आणे' असेल तर ते १९५७ च्या अलीकडे फारसं येऊ शकत नाही. 'न. पै.' दिसलं तर १९५७ ते १९६४ ही सात वर्षं हातात येतात, एवढ्या दोन अक्षरांवरून. फक्त किमतीवर चिकटवलेली पट्टी आहे का ते बघा. गोदामात उरलेल्या प्रतींवर वाढीव किमतीची चिठ्ठी लावायची पद्धत जुनीच आहे. पान उजेडासमोर धरलं की खालची मूळ किंमत बहुतेक वेळा वाचता येते. चिठ्ठी ओढून काढू नका, कागद तिच्याबरोबर येतो.

पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर पुस्तक १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीचं नाही, कारण पिन कोड त्या दिवशी सुरू झाला. त्याआधी 'पुणे २', 'मुंबई ४' असे शहराच्या विभागाचे आकडे असत. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, तेरा आकडी आणि ९७८ नं सुरू होणारा असेल तर २००७ किंवा त्यानंतरची छपाई समजावी. त्याआधी तो दहा आकडी होता, आणि १९७० च्या आधीच्या मराठी पुस्तकावर तो असायचं कारणच नाही.

नागपूरच्या पुस्तकांना तर आपल्या शहराच्या इतिहासानं एक खास खूण देऊन ठेवली आहे, जी पुण्या-मुंबईच्या पुस्तकांना नाही. नागपूर आधी मध्यप्रांताची राजधानी होतं. 'नागपूर (सी. पी.)' किंवा 'मध्यप्रांत-वऱ्हाड' असं छापलं असेल तर पुस्तक साधारण १९५० पूर्वीचं. २६ जानेवारी १९५० ला प्रांताचं नाव मध्यप्रदेश झालं आणि राजधानी नागपूरच राहिली. मग १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे 'नागपूर (म. प्र.)' असं लिहिलेलं पुस्तक जवळजवळ नेमकं या पावणेसात वर्षांतलं. इथल्या छापखान्यांनी पत्ता पूर्ण व्हावा म्हणून छापलेली ती दोन अक्षरं आहेत. मला ती कंसातली दोन अक्षरं दिसली की एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसानं हाक मारल्यासारखं होतं.

शुद्धलेखनाची खूण जरा जपून वापरावी लागते. 'नाहीं', 'कांहीं', 'मुलें', 'गेलों' असे अनुस्वार जुन्या छपाईत सर्रास असत. साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि पुढच्या वर्षांत हे अनुच्चारित अनुस्वार हळूहळू छापील पानावरून गेले. आता नीट लक्ष द्या. १९३५ ची म्हणून दाखवलेल्या प्रतीत एकही असा अनुस्वार नसेल तर ती जुळणी बहुधा नंतरची आहे. पण अनुस्वार आहेत म्हणून प्रत १९३५ ची, असं उलटं म्हणता येत नाही, कारण जुन्या पानांचे फोटो घेऊन आज छापलेल्या पुस्तकातही ते तसेच येतात. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची पहिली आवृत्ती १८३१ ची, सुधारून वाढवलेली दुसरी १८५७ ची. त्या दुसरीची विसाव्या शतकात हुबेहूब प्रतिमुद्रणं निघाली, जुन्या दर्शनी पानासकट. वर १८५७ दिसतं, पण कागद आणि बांधणी आपल्याच काळातली.

पुस्तकाला माहीत नसलेल्या गोष्टी

सगळ्यात भरवशाची कसोटी मला ही वाटते: पहिल्या आवृत्तीला भविष्य माहीत नसतं.

'ययाति'ला साहित्य अकादमीचा पुरस्कार १९६० मध्ये मिळाला आणि खांडेकरांना ज्ञानपीठ १९७४ चं. मुखपृष्ठावर, मलपृष्ठावर किंवा लेखकाच्या परिचयात यातलं काहीही आलं असेल, तर ती १९५९ ची पहिली आवृत्ती नाही. बाकी कितीही जुनी दिसो.

आपल्या शहराच्या अगदी जवळचं उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या 'अनिहिलेशन ऑफ कास्ट'चं. दरवर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर पुस्तकांची दुकानं लागतात, त्यात हे पुस्तक अनेक रूपांत दिसतं. लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेलं, पण होऊ न शकलेलं हे भाषण बाबासाहेबांनी मे १९३६ मध्ये स्वतः छापून काढलं. इंग्रजी प्रती १५०० होत्या, आणि त्या दोन महिन्यांत संपल्या, असं त्यांनी स्वतःच दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत लिहिलं आहे. जुलै १९३६ मध्ये गांधीजींनी 'हरिजन'मधून त्यावर लिहिलं. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधीजींचे ते लेख आणि त्यांना दिलेलं आपलं उत्तर जोडलं. म्हणजे शेवटी गांधीजींना उत्तर असलेली प्रत पहिली आवृत्ती असूच शकत नाही. मे महिन्यातल्या पुस्तकाला जुलैतला वाद ठाऊक कसा असेल? आणि गंमत बघा, वाचकाला हवी ती दुसरी आवृत्ती, कारण वाद तिच्यात पुरा होतो. पण मे १९३६ मध्ये लोकांच्या हातात नेमकं काय पडलं हे ज्याला बघायचंय, त्याला पहिलीच लागते. पहिल्या आवृत्तीची ओढ मला वाटते ती याच कारणासाठी. किंमत नंतरची गोष्ट.

पुस्तकाच्या शेवटी 'आमची इतर प्रकाशने' अशी यादी असते, तीही वाचायची. यादीतलं एखादं पुस्तक पाच वर्षांनी निघालेलं असेल तर हातातली प्रत त्याच्या आधीची नाही.

ही कसोटी सरळही लावता येते. ग्रेस यांचा 'संध्याकाळच्या कविता' १९६७ चा, पॉप्युलर प्रकाशनाचा. धंतोलीत कुणाच्या कपाटात प्रत सापडली तर काय असायला हवं? किंमत रुपये-पैशांत, 'नवे' शब्दाशिवाय. पत्त्यात पिन कोड नाही. आयएसबीएन नाही. नंतरच्या संग्रहांची नावं कुठेच नाहीत. एवढं जुळलं की मग मुद्रणपानावर काय लिहिलंय ते वाचा.

दुसरी प्रत, आणि सूची

शंका उरलीच तर दुसरी प्रत मिळवून शेजारी ठेवावी. दोन्हीत तेच पान उघडा आणि ओळी कुठे तुटतात ते बघा. खिळ्यांच्या काळातली दोन पुस्तकं ओळीला ओळ जुळली, एखादा मोडका 'र' दोन्हीत त्याच जागी दिसला, तर जुळणी एकच. त्यांच्यातली एक पहिली आवृत्ती आहे हे पक्कं असेल तर दुसरीही तीच, बाहेरचं वेष्टन काहीही असो. हे म्हणायचं कारण, न खपलेल्या फर्म्यांना नवं दर्शनी पान आणि नवं मुखपृष्ठ लावून 'नवी' आवृत्ती म्हणून विकणं छपाईच्या धंद्यात जगभर चालत आलं आहे. दर्शनी पान शिलाईत आहे की नंतर चिकटवलंय, ते पुस्तक मधोमध अलगद उघडून दोऱ्याकडे बघितलं की कळतं. आपल्याकडे वाचनालयांनी पुन्हा बांधून घेतलेल्या प्रतींत हे तपासणं अवघड जातं, कारण नव्या बांधणीत वेष्टन, मुखपृष्ठ आणि बऱ्याचदा शेवटची यादीही गेलेली असते.

सूचीसाठी शंकर गणेश दाते यांची 'मराठी ग्रंथसूची' आहे. एका खंडात १८०० ते १९३७, दुसऱ्यात १९३८ ते १९५०. चांगल्या जुन्या ग्रंथालयात ती मिळते. १८६७ च्या छापखाने आणि पुस्तक नोंदणीच्या कायद्याचंही फार मोठं ऋण आहे. त्या कायद्यानं प्रत्येक पुस्तकावर मुद्रक-प्रकाशकाचं नाव आणि गाव छापणं सक्तीचं केलं, आणि सरकारी नोंदीत पानं, आकार, किंमत, प्रतींची संख्या आणि आवृत्ती कितवी हेसुद्धा मागितलं. या नोंदी दर तीन महिन्यांनी गॅझेटमध्ये छापून येत. सरकारला लक्ष ठेवायचं होतं, पण त्यामुळे आज आपल्याला पुस्तकाची जन्मनोंद मिळते.

आता महालातलं ते नाटक.

शेवटच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात मुद्रकाची ओळ होती, 'नागपूर (म. प्र.)'. मलपृष्ठ अर्धं शिल्लक, त्यावर किंमत १ रु. ४ आणे. संवादांत 'नाहीं', 'कांहीं'. मागच्या बाजूनं बोटाला खिळ्यांचा उठाव लागत होता. म्हणजे १९५० ते १९५६. पात्रांच्या यादीखाली पहिल्या प्रयोगाची नोंद होती, डिसेंबर १९५२. आणि आतल्या कोऱ्या पानावर निळ्या शाईत कुणीतरी लग्नाच्या आहेरात लिहिलेलं 'सप्रेम भेट', खाली मे १९५४. प्रयोगाआधीचं पुस्तक नाही, लग्नानंतरचं नाही. दीड वर्षाची फट. एवढ्या काळात या नाटकाची दुसरी आवृत्ती निघाली असेल, असं मानायला मला काही आधार दिसला नाही.

भाचीनं ते कूलरच्या समोरच्या फळीवर ठेवायला घेतलं, तर मी थांबवलं. आपल्याकडे मे महिन्यातलं कोरडं ऊन कागद ठिसूळ करतं, आणि त्यावर कूलरची ओली हवा लागली की बुरशी आणि कसर दोन्ही येतात. पुस्तकं आतल्या भिंतीच्या कपाटात, उभी, थोडी मोकळी ठेवावीत. तुटक्या कडांना चिकटपट्टी मुळीच लावू नये, तिचा डिंक पिवळा पडून कागदात उतरतो. मग तिनं पातळ कागदाचं वेष्टन केलं, आणि एका वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून आत ठेवलं: 'नागपूर, डिसें. १९५२ ते मे १९५४. पहिली आवृत्ती असावी. दुसरी प्रत मिळाल्यास ताडून पाहणे.'